पट्टीखालच्या वायरी

दोन हजार तीन सालच्या जानेवारीत सुर्ल्याहून फोन आला. तेव्हा म्हापशाला बसस्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, एक टेबल आणि मी. फोन खाणीवरच्या काटाघरातून होता. खनिज भरलेले ट्रक बाहेर पडण्याआधी काट्यावर चढतात, तिथलं वजन आतल्या कॉम्प्युटरवर येतं आणि चिठ्ठी निघते. ही सगळी व्यवस्था गुरुदासबाब बघायचे.

"प्रज्योत, हो कॉम्प्युटर म्हयन्यात पाच पावटीं बंद पडलो," ते म्हणाले. "ट्रकांची रांग पार वळणापर्यंत लागता. तू एकदा येऊन वायरी नीट लपवून दी. कोणाचो हात लागूंक नये."

"हात कोण लावतं?"

"तू ये. मग सांगतां."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. डिचोली सोडल्यावर रस्ता तांबडा होत जातो. झाडांची पानंसुद्धा तांबडी. काटाघर लांबट होतं, एक दार आणि काट्याकडे उघडणारी एक खिडकी. खोलीच्या मध्यात कॉम्प्युटरचं टेबल, त्याच्यामागे खुर्ची, आणि खुर्चीची पाठ जवळजवळ भिंतीला टेकलेली. क्षमा नावाची तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी तिथे बसून चिठ्ठ्या काढत होती. तीन वायरी टेबलाखालून भिंतीकडे जात होत्या आणि भिंतीच्या कडेने बारा फूट सरळ खिडकीपर्यंत: एक वजन दाखवणाऱ्या डब्याची, एक टेलिफोनची, एक विजेची. येण्याजाण्यात पाय अडकतो म्हणून गुरुदासबाबनी त्यांच्यावर काथ्याची लांब पट्टी अंथरली होती.

मी काथ्या उचलला.

तीनही वायरींची वेणी घातलेली होती. खिडकीपासून सुरू होऊन साधारण निम्म्यापर्यंत. वायरी गुंतल्या की त्यांना पीळ पडतो, गाठी होतात. तसं हे नव्हतं. प्रत्येक पेड सारखा, घट्ट, चापून बसवलेला. कॉम्प्युटर का बंद पडतो ते मला लगेच कळलं. वेणी घातली की लांबी कमी होते. लांबी कमी झाली की ताण येतो, आणि मग टेबलामागची पिन निसटते. त्यात गूढ काही नव्हतं. कोणीतरी रिकामटेकड्या हाताने हे करत होतं.

पेड सोडवताना बोटं तेलकट झाली. वास घेतला. खोबरेल तेल.

"सकाळी मी येते तेव्हा ती इथेच असते," क्षमा हळू आवाजात म्हणाली. "गुडघ्यांवर. हात काथ्याखाली. मी आले की पटकन उठते."

'ती' म्हणजे शेवंताबाई. झाडूपोछा करणारी, खानापूरकडची, चाळिशीची बाई. नवरा हरी कुठल्याशा बांधकामावर होता आणि दोघं कारापूरला भाड्याच्या खोलीत राहत. काटाघराची सकाळची चावी राखणदार बाबाजी तिच्याकडेच देत असे. ती तेव्हा दारात केरसुणी घेऊन उभी होती. तिच्या डोक्याला तेल चोपडलेलं होतं, ते मी मुद्दाम पाहून घेतलं.

मी भिंतीवर प्लॅस्टिकची चौकोनी नळी बसवायला घेतली. आमच्या धंद्यात तिला पट्टीच म्हणतात. खालचा भाग भिंतीला ठोकायचा, आत वायरी सरळ निजवायच्या आणि वर झाकण दाबून बसवायचं. खाली फरशी रोज पुसली जाते, म्हणून मी ती जमिनीपासून तीन फुटांवर, खुर्चीच्या पाठीमागून नेली.

झाकण लावायला हातात घेतलं तेव्हा शेवंताबाई आत आली.

"साहेब, झाकू नगा."

"का?"

"उघडं ऱ्हाऊ द्या. डोळ्याम्होरं ऱ्हाऊ द्या." ती माझ्याकडे बघत नव्हती, वायरींकडे बघत होती.

आपला खेळ बंद होणार म्हणून ही बोलते आहे, असं मला वाटलं. मी झाकण दाबलं. हातभर अंतरावर एकेक स्क्रू पिळला आणि प्रत्येक स्क्रूवर आमच्या दुकानाचा वॉरंटीचा स्टिकर लावला. तो कागद असा असतो की उचकटायला गेलं तर फाटतोच. त्यांच्यावर तारीख टाकून सह्या केल्या.

निघताना गुरुदासबाबनी कोरा कागद पुढे केला. "लिहून दी. वायरी कोणीतरी हातान ओढल्यात म्हणून."

मी लिहून दिलं. जे दिसलं तेच लिहिलं असं मला वाटत होतं. शेवटी एक ओळ जास्तीची घातली: 'वायरींना खोबरेल तेल लागलेले आढळले.' त्या ओळीची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईला कामावरून काढलं.

नऊ दिवसांनी गुरुदासबाबांचा पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा होता, तोलून मापून बोलल्यासारखा.

"वजनाचो डबो सरकता."

"म्हणजे?"

"जनेलाच्या कडेवर होतो. आता एक वीत आत आयला. रोज थोडो थोडो."

मी गेलो. डबा खरंच खिडकीच्या कडेवरून आत आला होता; मागे तांबड्या धुळीत त्याची घसट दिसत होती. मी पट्टीजवळ वाकलो. स्टिकर एकेक करून भिंगाखाली पाहिले. एकही फाटलेला नव्हता. सह्या माझ्याच होत्या. कागदाच्या कडांवर धूळ बसली होती, तीसुद्धा पुसली गेलेली नव्हती.

मी स्टिकर कापले, स्क्रू काढले, झाकण उचकटलं.

आत वेणी होती. खिडकीपासून पाऊण लांबीपर्यंत. नळी दोन बोटं रुंद; आत वायरी मावतात, वर हात शिरायला जागा नसते. तेलाचा वास खोलीभर पसरला.

गुरुदासबाबनी क्षमाकडे पाहिलं. क्षमाने दाराशी उभ्या बाबाजीकडे पाहिलं. बाबाजी म्हणाला, "म्हाजेकडे फकत दाराची चावी आसा," आणि मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"बंद तूंच केल्लें न्ही?" गुरुदासबाब म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. पुन्हा पुन्हा काम मिळावं म्हणून दुकानदार काय काय करतात ते मला माहीत होतं. "आज दिवसभर इथेच बसतो," मी म्हटलं. "तुमच्या डोळ्यांदेखत."

वायरी सोडवल्या, पुसल्या, सरळ निजवल्या. झाकण लावलं नाही. दहा ते एक मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होतो. ट्रक चढत होते, उतरत होते, क्षमा चिठ्ठ्या काढत होती. काहीही झालं नाही. तीन वायरी होत्या, तीन वायरीच राहिल्या.

एक वाजता सगळे व्हरांड्यात जेवायला गेले. मी दार आतून लावलं, झाकण दाबून बसवलं आणि पट्टीसमोर बसून जेवणाचा डबा उघडला. बाहेर काटा बंद होता. पहिली पोळी संपेपर्यंत शांतता होती.

मग आवाज आला. फार बारीक. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासल्यासारखा म्हणावं तर तसा नव्हता. सूर्र... मग जरा थांबून पुन्हा सूर्र. तिघी बहिणींच्या घरात मी वाढलो. तो आवाज मी रोज सकाळी ऐकलेला होता.

मी झाकण ओढून काढलं. आवाज थांबला. खिडकीपाशी चार बोटं वेणी पडली होती.

मला लाज वाटत होती. मी बाहेर येऊन गुरुदासबाबना एवढंच म्हटलं, "झाकण लावू नका. उघडंच राहू दे." शेवंताबाईचे शब्द माझ्या तोंडून येत होते.

रविवारी मी कारापूरला गेलो. शेवंताबाईची खोली विचारत विचारत सापडली. ती दारात बसून कोणाच्या तरी काजूबिया निवडत होती. मला पाहून उठली नाही.

"मी जे लिहिलं ते चुकलं," मी म्हटलं. "वेणी तुम्ही घातलेली नव्हती."

"न्हाई."

"मग रोज सकाळी तुम्ही तिथे..."

"मी सोडत हुते, साहेब." तिने सूप खाली ठेवलं. "तो काथ्या हातरला तवापासनं. रोज सकाळी बघावं तर हातभर घातलेली. मी सोडायची, पुसायची. त्याचंच त्याल माज्या हाताला. कुणाला काय सांगणार? दिसलं तर मलाच म्हणणार. म्हटलंच की."

मी खाली पाहिलं.

"पयला माजा पोतेरा घेतला त्यानं वेणीला. दारामागं टांगलेला. मग फळीखालचं सुताचं बंडल. जे लांब दिसंल ते. झाकलं की घेतंय, उघडं असलं की गप ऱ्हातंय."

"कोण?"

"मला काय ठावं? म्या नांव इचारलं न्हाई." तिने सूप बाजूला सारलं. "एकदा दोन दिस मी आजारी हुते. तिसऱ्या दिशी गेले तर वेणी सगळी खुर्चीपतुर आलेली. टोक मोकळं. बांधायचं ऱ्हायलेलं. तवा मी घाबरले. वायरी संपल्यावर ते काय घेणार, ते मला बघायचं न्हवतं."

मी पत्र मागे घेतो, गुरुदासबाब तुम्हाला परत बोलावतील, असं मी सांगितलं. ती मान हलवून नाही म्हणाली. "पर ते झाकण काढलंय न्हवं?"

"काढलंय."

"मग ठीक हाय."

सोमवारी नवं पत्र लिहून मी सुर्ल्याला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. शेवंताबाईचा वायरींच्या बिघाडाशी काही संबंध नाही, आधीची माझी चूक होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. गुरुदासबाब व्हरांड्यातच भेटले. इस्त्रीचा शर्ट घालून होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

"बायलेक अन्याय जालो," ते म्हणाले. "हांव स्वता वचून सांगतां तिका."

मला हलकं वाटलं. मग मी विचारलं, "आज काय आहे? सगळं झाडून पुसून..."

"वरचे साहेब येतात बाराक. म्हणून शनिवारीच सगळें आवरून घेतलें. तुजें तें झाकणय लावून घेतलें. उघड्यो वायरी बऱ्यो दिसनात."

"शनिवारी?"

"सांजवेळा."

मी आत गेलो.

खोली लखलखीत होती. काट्यावर ट्रक नव्हता. पट्टी पांढरी, सरळ, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद. क्षमा खुर्चीत ताठ बसली होती, डोकं किंचित मागे. वजनाचा डबा खिडकीच्या कडेवर, जिथे असायला हवा तिथे होता. मला तेच आधी खटकलं. दोन रात्री झाकण बंद असूनही वायर ताणलेली नव्हती.

"क्षमा, जरा उठतेस?"

"मान आखडलीय रे," ती म्हणाली. "नऊपासून उठलेच नाही. जड झालंय नुसतं."

ती उठायला गेली.

अर्धी उठली आणि मागे खेचल्यासारखी परत बसली. हसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. मग तिचं हसू गेलं.

"प्रज्योत, माझे केस कशात अडकलेत बघ."

मी खुर्चीमागे गेलो. तिची वेणी पाठीवरून खाली आली होती आणि पट्टीच्या सांध्यातून आत गेली होती. सांधा नखभर रुंद होता. मी वेणीला हात लावला. ती ताणलेली होती.

बोटाखाली ती हळूच आत सरकली.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"कित्याक? काय झालं?"

टेबलावर कागद कापायची कात्री होती. मी विचारलं नाही. मानेजवळून कापलं. कात्री बोथट होती, चार-पाचदा दाबावी लागली. क्षमा किंचाळली नाही. दोन्ही हात मानेवर ठेवून दाराकडे धावली. गुरुदासबाबनी तिला धरलं, गाडीत बसवलं आणि घरी घेऊन गेले. बाबाजी फाटकाशी उभा राहिला, आत आला नाही.

मी एकटाच उरलो. कापलेलं टोक सांध्यातून आत नाहीसं झालं होतं.

झाकण एका टोकापासून ओढत नेलं. तीनही वायरी मोकळ्या होत्या. एकीला दुसरी कुठे शिवतही नव्हती. मी निजवल्या होत्या तशा सरळ.

त्यांच्यावर वेणी होती. केसांची. विंचरलेली, तेल लावलेली, चापून घातलेली.

क्षमाचे केस कमरेपर्यंत होते. पट्टीतली वेणी खुर्चीपासून खिडकीपर्यंत पोचली होती. मी ती बोटांनी चाचपत गेलो, कुठे जोड दिला आहे का ते बघत. जोड नव्हता. खिडकीकडच्या टोकाला लाल दोऱ्याने गाठ मारलेली होती, आणि शेवटचे हातभर केस पांढरे होते.