हद्दीबाहेरची रेंज

गाडीची रेंज म्हणजे बॅटरी, वजन आणि चालवणाऱ्याचा पाय. बाकी सगळं थोतांड. हे मी आजही म्हणते, आणि कुणाला वाद घालायचा असेल तर खुशाल या.

पुण्याच्या एका टेस्टिंग कंपनीने नोकरी देण्याआधी मला एक काम दिलं होतं. नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही मुंबईहून पुण्याला चालवत न्यायची आणि रेंज, चार्जिंग, सीटचा आराम, घाटातला दम, सगळ्याचा रिपोर्ट द्यायचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचले तर नोकरी माझी, नाहीतर दुसरा उमेदवार तयारच होता. लालबागच्या चाळीत, एका खोलीत जन्म काढलेल्या मुलीला ही नोकरी म्हणजे काय, ते समजावत बसत नाही. मला जायचं होतं. बस्स.

लवूकाकाला ते नको होतं. आईबाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. गिरणी बंद पडली, तर मसाल्याच्या डंकावर मिरच्या कुटून मला शिकवलं. त्यामुळे तो अडवत नव्हता, फक्त जेवताना गप्प बसायचा, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

शनिवारी सकाळी गाडी चाळीसमोर आणली तर काका नारळ घेऊन उभा. आमच्या मालवणी घरांत नवीन काही आलं की गाऱ्हाणं घालतात, राखणदाराला हाक मारून सांभाळायला सांगतात. म्हटलं, म्हाताऱ्याचं मन राहू दे. काकाने बॉनेटसमोर डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराक ही गाडी गावली आसा. तिची राखण कर."

"व्हय म्हाराजा!" चाळकरी म्हणाले.

"वाटेत काय आडवा येत असात, ता दूर कर."

"व्हय म्हाराजा!"

मग त्याचा आवाज फाटला. "आणि माझ्या पोरीक आपल्या हद्दीच्या भायर जावक देव नको!"

चाळकरी सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!" नारळ फुटला. माझं डोकं सणकलं, पण सगळ्यांसमोर काय बोलणार! पाया पडले आणि निघाले.

सोबत कंपनीचा स्वप्नील होता, माझ्याच वयाचा. स्क्रीनवर तीनशे ऐंशी किलोमीटरची रेंज. परळपर्यंत गाडी लोण्यासारखी पळाली. सीट उत्तम, एसी गार, खड्ड्यातही पोटातलं पाणी हललं नाही. हिंदमाता ओलांडून दादर टीटीकडे वळलो आणि रेंज पडू लागली. तीनशे. दीडशे. चाळीस. शून्य. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागच्या टॅक्सीवाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या.

"सॉफ्टवेअरचा लोचा असेल गं," स्वप्नील म्हणाला.

कशीबशी मागे वळवली. परत परळला आलो तर आकडा पुन्हा तीनशे ऐंशी. एका युनिटचंही चार्जिंग न करता.

शिवडीला गेले, सागरी पुलावरून निसटायला. चढाच्या तोंडाशी शून्य. भायखळ्याच्या बाजूने गेले. पुलाआधी शून्य. मग स्वप्नीलला एकट्याला पाठवलं. तो सायनपर्यंत जाऊन आरामात परत आला. मी शेजारी नुसती बसले, तर गाडी टीटीआधी पुन्हा मेली.

"तुला उतरवलं की चालते," तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

मी तडक डंकावर गेले. तिखटाच्या धुरळ्यात काका पाठमोरा उभा होता.

"काका, जे मागितलंस ते परत घे."

"दिलेलो शब्द मागे येणा नाय गो."

"मग मी पायी जाईन."

तो वळला. डोळे लाल होते, मिरच्यांनी की कशाने, कुणास ठाऊक. "जाशीत गो. पण तू रवशीत पण," एवढंच म्हणाला. जाईन आणि राहीनही, म्हणजे काय, ते विचारायला मी थांबले नाही. इतका राग आला होता, की रडूच फुटलं.

स्वप्नीलला गाडी घेऊन टीटीपलीकडे थांबायला सांगितलं आणि पाठीला सॅक लावून हिंदमातावरून चालू लागले. भर दुपार. फुटपाथवर माणसंच माणसं.

जिथे गाडी मरत होती, तिथे पाय जड झाले. हॉर्न ऐकू येईनासे झाले. भाजक्या मिरच्यांचा वास आला, लालबाग इतकं मागे राहूनही. मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता.

"मी जाणार," मी मोठ्याने म्हणाले. "तुझ्या बापाची हद्द असली तरी जाणार."

पाऊल टाकलं. जुनी चिकटपट्टी कातडीवरून ओढावी तसं काहीतरी अंगभर सुटलं. मग हॉर्न परत वाजायला लागले.

मागे बघितलं नाही. का बघू?

गाडीत बसले. स्वप्नील चमकून माझ्याकडे बघत होता.

"तू मध्येच परत का फिरलीस?"

"मी कुठे फिरले?"

त्याने एकदा मागच्या फुटपाथकडे पाहिलं.

रेंज तीनशे सत्तर. वाशी गेली, पनवेल गेलं. शून्य काही आलं नाही. घाटात गाडी अशी चढली की मी स्टिअरिंगवर थाप मारली. जिंकले होते मी!

लोणावळ्याला चार्जिंगला लावली आणि घरी फोन केला, जुन्या लँडलाइनवर. काकाला ऐकवायचंच होतं.

"काका, मी घाट चढले!"

"कोण बोलताय?"

"अरे, मी. नूपुर."

 मग परक्या बाईशी बोलतात तसा, अदबीने म्हणाला, "बाय, चेष्टा नको. आमची नूपुर दुपारीच घरी परत इली. जेवून आडवी झालीहा."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

तिकडून, खोलीच्या आतून, झोपाळू आवाज आला. आता नोकरीत, टेस्टच्या रेकॉर्डिंगमध्ये, मी तो रोज ऐकते. माझा होता.

"कोण आहे रे, काका?"

"कोण नाय गो," काका म्हणाला. "नीज तू."