उंबऱ्याबाहेरचे बूट

दरवर्षी, सैन्यात असताना लढलेल्या लढाईच्या स्मृतिदिनी माझे सासरे सकाळी उठून आपले जुने लष्करी बूट चकचकीत पॉलिश करायचे, नाड्या सैल सोडून उंबऱ्याबाहेर ठेवायचे आणि स्वतः मात्र स्मारकावर साध्या चपला घालून जायचे. दुपारी परत आले की बूट पुन्हा कपाटात. का, म्हणून विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. नवरा म्हणायचा, "जाऊ दे गं, साठी बुद्धी नाठी." साठी उलटून त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती, पण असो.

मी हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवते. मोडलेल्या पायांना पुन्हा चालायला लावायचं, हेच माझं काम. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि तोंड जरा फटकळ आहे, हे आधीच सांगते.

यंदा त्यांच्या तुकडीतले एकटे सासरेच उरले होते. पुष्पचक्र त्यांच्याच हातून वाहायचं ठरलं होतं, कॅमेरेवाले येणार होते. मी त्यांच्या कोटाला इस्त्री केली, पदकं लावली आणि उंबऱ्याबाहेरचे बूट उचलून आत आणले.

"बाबा, आज चपला नाहीत हं. चार लोकांत शोभत नाही."

"ते बूट माझे नाहीत."

"मग काय शेजाऱ्यांचे? आपल्याच कपाटात राहतात की इतकी वर्षं."

आतला तळ सारखा करायला म्हणून मी बुटात हात घातला, तर आत गारठा. भर उन्हाळा, सकाळपासून ऊन थेट उंबऱ्यावर, आणि बूट आतून ओलसर. पॉलिशचा ओला फडका आत राहिला असेल, असं मी मनाशी म्हटलं. केस वाळवायचं यंत्र लावलं आणि हाताला चटका बसेपर्यंत गरम हवा सोडली. पुन्हा हात घातला. आत तसंच गार होतं.

उशीर होत होता. मी खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवले, नाड्यांची साधी फुलगाठ मारली. त्यांनी विरोध केला नाही, फक्त माझं मनगट धरलं.

"सूनबाई, तो उठून उभा राहील गं."

"राहू द्या की," मी म्हटलं. "आज सगळेच उभे राहणार आहेत, दोन मिनिटं."

माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं.

स्मारकापाशी मंडप होता, तरी माणसं घामानं निथळत होती. रस्त्यावरचं डांबर पाघळलं होतं. सासऱ्यांनी पुष्पचक्र वाहिलं, कॅमेरे चमकले, मला अभिमान वाटला. मग सगळे स्तब्ध उभे राहिले. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

माझा चष्मा धुरकटला असेल म्हणून मी तो पदरानं पुसला. वाफ होतीच. श्वासागणिक, पांढरी.

मग त्या शांततेत ते पाय आपटू लागले. आधी हळू, मग जोरात. लोक वळून बघायला लागले.

"नेतो म्हणालो होतो ना," ते पुटपुटत होते. "नेतो. ओरडू नकोस."

त्यांच्या पलीकडे कोणी नव्हतं.

मी त्यांना धरून मंडपामागच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि बुटाच्या नाडीला हात घातला. माझी फुलगाठ कुठेच नव्हती. गाठीवर गाठ बसली होती, ओली, दगडासारखी घट्ट. प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री घेऊन मी एकेक पीळ कापत गेले आणि ते बोलत गेले.

"आम्ही माघारी फिरलो होतो. तिथे वर डोंगरात उन्हाळ्यातही गुडघाभर बर्फ. माझे बूट फाटलेले. त्याच्या मांडीत गोळी. तो म्हणाला, मला ने. मी म्हटलं, नेतो, आधी बूट काढू दे, हलका होशील." ते थांबले. "बूट काढले आणि निघालो."

"जिवंत होता?"

"हाका मारत होता."

बूट निघाला. मी मोजा ओढला. बोटं पांढरीफटक, लाकडासारखी टणक, टोकांना काळीनिळी.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोनदा बघितलं. "हिमदंश आहे हा. कुठल्या बर्फात गेले होते?"

मी म्हटलं, "स्मारकावर."

सगळी बोटं काढावी लागली. नवरा एका शब्दानं मला बोलला नाही, तेच जास्त लागलं. चार लोकांत शोभून दिसावं म्हणून मी एका म्हाताऱ्याचे पाय घालवले होते. माझी नणंद माहेरी आली, रात्री तिनं जागवल्या, दिवसा मी बसायचे.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी नणंद चहा आणायला खाली गेली होती. सासरे जागे झाले. चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

"बाबा, मला माफ करा," मी म्हटलं आणि रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय? मिटलं सगळं." ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "रात्री तो आला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, बाबा रे, मी तुझे बूट कधी मिरवायला घातले नसते. सुनेनं घातले. माझी काही चूक नाही. त्याला पटलं."

माझे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

"मला म्हणाला, आता तुझ्याकडे येत नाही." त्यांनी चादर नीट केली. "फक्त तिच्या पायाचं माप विचारून ठेव म्हणाला. कितीचं गं, सूनबाई?"

बाहेर जिन्यावर नणंदेच्या सँडलचा आवाज येत होता. माझा पाय सात नंबरचा. तिचा पाच.

"पाच," मी म्हटलं.