बारा सीझरांची मापं

मांतुआच्या त्या घरात कटकट सुरू झाली ती ओथोपायी. निवृत्त लॅटिन मास्तर ग्वाल्तिएरो याने चाळीस वर्षं खपून बारा रोमन सीझरांचे चेहरे असलेली सोळाव्या शतकातली कांस्यपदकं जमवली होती. बारावं, ओथोचं पदक गेल्या महिन्यात आलं, आणि तेव्हापासून एकाही पदकाचं माप धड लागेना. गाल्बा मंगळवारी छत्तीस मिलिमीटर भरला होता. आज साडेपस्तीस! काय म्हणायचं याला?

अस्सल पदकावरून साचा काढून नक्कल ओतली, की धातू निवताना आकसतो. नक्कल किंचित लहान होते, नाकडोळे बोथट होतात. म्हणजे कुणीतरी अस्सल पळवून नकला ठेवत होतं. पदकांच्या कपाटाची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी थोरल्या बहिणीकडे, एर्सिलियाकडे.

"ताई, कुणाला देतेस गं ही?"

"डोकं फिरलंय तुझं! तीस वर्षं तुझ्या या मुंडक्यांची धूळ पुसतेय, आणि मी चोर? परत बोललास तर व्हेरोनाला मावसबहिणीकडे, बीचेकडे जाईन, कायमची. मग बस या बाराजणांबरोबर जेवायला!"

तिच्याशिवाय त्याला साधी कॉफी जमत नव्हती. तरी शनिवारी नीरोही कमी भरला आणि त्याची जीभ सुटलीच. एर्सिलियाने किल्ली त्याच्यापुढे आपटली, बॅग भरली आणि गेली.

सोमवारी दुपारी तो फिरून आला, तर ती स्वयंपाकघरात भोपळ्याचं सारण भरून तोर्तेल्ली करत होती.

"आलीस? सुटलो बुवा!"

"हो."

बस्स, एवढंच. टोमणा नाही, रुसवा नाही. त्याला हायसं वाटलं, आणि मग त्याचीच चीड आली. ही बया इतक्या लवकर माफ करणारी नव्हे.

"वरचा डबा काढून दे."

"तूच ठेवतेस ना तो तिथे!"

"हात पुरत नाही."

डबा देताना तो तिच्या शेजारी उभा राहिला. तिचे केस नेहमी त्याच्या हनुवटीला लागत. आज दोन बोटं खाली होते. कपाळावरच्या आठ्याही पुसट.

"बीचेला फोन करू का? पोचलीस म्हणून सांगतो."

"नको."

विचारायला त्याने तोंड उघडलं. पण पुन्हा निघून गेली तर?

"बरं झालं आलीस, ताई."

ती ताटं घ्यायला वळली. कानामागून मानेपर्यंत, ओतकामाची कड घासल्यावर राहतात तसे, कानशीचे ताजे ओरखडे होते.