कॉलेज दुसऱ्यांदा बघताना

तिला ऑफिस सापडत नव्हतं म्हणून ती वर्कशॉपमध्ये शिरली, आणि तिथे तिची पहिली भेट झाली ती त्याच्या पायांशी.

जुन्या लेथ मशीनखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसताच मोजा. उरलेला माणूस मशीनखाली.

“अहो,” ती पायांना म्हणाली, “ॲडमिशनचं ऑफिस कुठे आहे?”

“इथे ॲडमिशन घेताय? नीट विचार केलाय ना?” पायांनी विचारलं. “वरच्या मजल्यावरचे पंखे फिरतात, पण वारा लागत नाही. लायब्ररी लवकर बंद होते. आणि... तुमच्या पायाशी चौदाचा पाना पडलाय, तो जरा द्या.”

ती वाकली. “हा चौदाचा नाही. सतराचा आहे.”

पाय हलायचे थांबले. मग घसरत घसरत अख्खा मुलगा बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, केसांत लोखंडाचा बारीक कीस. त्याने पान्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पान्याकडे पुन्हा बघायचं त्याला सुचलं नाही.

“तुम्ही कमिटीच्या का? तपासणीला आलात?”

“तपासणीच करते मी. पण पंपांची.”

डिप्लोमा झाल्यापासून ती एका पंपांच्या कारखान्यात तपासणीचं काम करत होती आणि आत्याकडे राहत होती. आता थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन इंजिनीअर व्हायचं तिच्या मनात होतं. त्यासाठी हातची नोकरी सोडावी लागणार होती. मॅनेजरने येत्या सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. राहणार असशील तर सेक्शन तुझ्या हाती देतो, जाणार असशील तर जा, पण जागा राखून ठेवता येणार नाही. मोठ्या शहरातलं नावाजलेलं कॉलेज घरच्यांच्या आवाक्याबाहेर होतं. हे परवडणारं होतं, आणि बसने जाऊन-येऊन करता येणार होतं. पण परवडतंय ते चांगलंही असेल का, हे कोण सांगणार? जाहिरातीत तर सगळीच कॉलेजं हसत असतात.

“अगं बबडे, कुठे कुठे शोधायचं तुला!” दारातून आत्या आली. आत्या शिवणकाम करायची. कापड चुरगळून बघितल्याशिवाय ती भावही विचारत नसे. “ऑफिस सापडलं मला. तिथला क्लार्क म्हणतो, कॉलेज एकदम उत्तम आहे. इतक्या झटकन म्हणाला की मला शंकाच आली. हा कोण?”

“हे म्हणतायत, इथे ॲडमिशन घेऊ नका.”

“असं?” आत्याने त्याला डोक्यापासून मोज्यापर्यंत बघितलं. “मग याच्याबरोबरच बघू या कॉलेज. चल रे लेथवाल्या, बूट घाल.”

लेथवाल्याने बूट घातला आणि कॉलेज दाखवलं. असं कॉलेज कुणी कुणाला दाखवत नसेल. लोक बाग दाखवतात, त्याने गळकं छत दाखवलं. “इथे बसू नका. पावसाळ्यात या बाकावर पाणी टपकतं.” कॉम्प्युटर लॅबमध्ये म्हणाला, “यातले निम्मे चालतात. कुठले निम्मे, ते रोज बदलतं.”

“चांगलं काहीच नाही का?” तिने विचारलं.

“आहे ना.” त्याने एक दार ढकललं. आत यंत्रांची रांग होती. जुनी, रंग उडालेली. “यांना कुलूप नसतं. नावाजलेल्या कॉलेजात माझा मित्र आहे. त्यांच्याकडची यंत्रं अशी चकाचक की सर त्यांना हात लावू देत नाहीत. आमची आम्हीच बिघडवतो आणि आम्हीच दुरुस्त करतो.”

“म्हणजे तुम्हीच बिघडवलंत ते लेथ?”

“मी दुरुस्त करतोय.”

“मी विचारलं, बिघडवलं कुणी?”

तो हसला. कपाळावरचा ग्रीसचा पट्टा सरळ होता तो वाकडा झाला. तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक सायकल स्टँड होता. तरी ती बराच वेळ बघत राहिली.

“तू इथेच शिकतोस ना?” आत्याने विचारलं.

“हो... म्हणजे शिकलो, शिकतोय. चहा घेणार का तुम्ही?”

निघताना तो फाटकापर्यंत आला. “पुन्हा बघावंसं वाटलं तर या. गुरुवार सोडून. गुरुवारी मी सुटे भाग आणायला शहरात जातो.” मग घाईघाईने म्हणाला, “म्हणजे, कॉलेज चालूच असतं. गुरुवारीही. मी आपलं... सांगितलं.”

बसमध्ये आत्या म्हणाली, “काय ठरलं?”

“चांगलं वाटलं मला कॉलेज.”

“छत गळतं.”

“थोडंसंच.”

“पंख्याला वारा नाही.”

“खिडक्या आहेत की मोठ्या.”

“बबडे,” आत्या म्हणाली, “तुला कॉलेज आवडलंय की लेथवाला?”

“आत्या, काहीतरीच काय!”

पण ते काहीतरी तिच्या डोक्यातून जाईना. कारखान्यात तिच्या हातात दिवसभर भोकांचं माप तपासायचं गेज असायचं. दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एक गेलं, दुसरं अडलं, तर माल पास. नाहीतर नापास. इतकं सरळ काम. त्याला तिसरं टोक नसतं. आणि इथे तिला काही कळेचना. कॉलेज आठवलं की त्याचं हसू आठवायचं, आणि हसू आठवलं की गळकं छतसुद्धा छान वाटायला लागायचं. एखाद्याच्या हसण्यापायी हातची नोकरी सोडायची? आणि उद्या कॉलेज खरंच टाकाऊ निघालं तर? की कॉलेज चांगलंच आहे, आणि तो भेटला म्हणून उगाच तिलाच स्वतःवर शंका येतेय?

बुधवारी फोरमन तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. “हा तुकडा नापास का केलास? बरोबर आहे की.”

तिने पुन्हा गेज लावलं. बरोबर होता.

“गेजशी भांडण झालंय का?”

“नाही साहेब... माझंच माझ्याशी.”

फोरमन डोकं खाजवत गेला. तिने मात्र त्याच क्षणी ठरवलं. कॉलेज पुन्हा बघायचं. तो नसताना. गुरुवारी.

गुरुवारी सुट्टी टाकून ती गेली. सकाळपासून रिमझिम चालू होती. फाटकातून आत शिरताना तिने मनाला बजावलं, वर्कशॉपकडे बघायचं नाही. बघितलंच. दार बंद होतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा वाईटही वाटलं.

त्याच्याशिवायचं कॉलेज वेगळंच होतं. भिंती जास्त कळकट. जिन्यात ओल्या छत्र्यांचा वास. मोठ्या खिडक्यांपैकी दोन उघडतच नव्हत्या. ती एकेक गोष्ट बघत चालली, आणि प्रत्येक गोष्ट नापास होत चालली. आता परत फिरावं, सोमवारी मॅनेजरला हो म्हणावं, असं म्हणत ती वळली, तेवढ्यात एका वर्गातून बसलेल्या घशाचा आवाज आला.

“सुट्टीत तुमच्यासाठी येते मी, आणि तुम्ही जांभया देता? माझ्या घशाची तरी दया करा!”

विषय राहिलेल्या मुलांचा जादा तास चालू होता. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. फळ्यावर पंपाचं चित्र होतं. पंप बघून तिचे पाय आपोआप थांबले. ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

“तू कोण गं?” बाईंनी विचारलं. “माझ्या नापासांत तू नव्हतीस.”

“मी अजून ॲडमिशन घेतलेली नाही.”

“ॲडमिशनच्या आधीच नापासांत बसलीस? हुशार आहेस. बस, बस.” बाई वर्गाकडे वळल्या. “तर, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. उघडून बघितलं तर आत खडा नाही. हा आवाज कुणी ऐकलाय?”

तिने हळूच हात वर केला. “मी ऐकलाय. पाती कुरतडल्यासारखी होतात. आम्ही ती नापास करतो.”

“कशाने कुरतडतात?”

“ते... कुणी सांगितलं नाही.”

“मी सांगते,” बाई म्हणाल्या, आणि खडू उचलला.

पुढचा तासभर ती पाऊस विसरली, मॅनेजर विसरली, वर्कशॉपचं बंद दारही विसरली. दाब फार कमी झाला तर थंड पाणीसुद्धा उकळतं. त्याचे बारीक बुडबुडे होतात, आणि ते फुटताना लोखंडाला चावे घेतात. पाण्याचे दात! रोज हाताखालून गेलेली ती कुरतडलेली पाती... ती फेकत आली होती, आणि का, ते आज कळत होतं. बाईंनी एकाच मुलाला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा उजळला, तेव्हा बाईंचा स्वतःचा चेहराही उजळला.

तास संपला आणि ती पायरीवर येऊन बसली. आता कॉलेजचा काही घोळ उरला नव्हता. पास. गळक्या छतासकट पास. मग ती अजून इथे का बसलीय?

“तुम्ही... आज?”

समोर तो उभा. भिजलेला, खांद्याला सुट्या भागांची पिशवी. पावसाने लवकर परतलेला.

“आज गुरुवार आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“मी म्हटलं होतं, गुरुवारी मी नसतो.”

“म्हणूनच आले.”

त्याचा चेहरा पडला. तिला ते बघवेना. “तसं नाही हो! मला कॉलेज बघायचं होतं. तुम्ही असलात की कॉलेज... नीट दिसत नाही.”

एवढं बोलून तिचे कान तापले. त्याने पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

“बरं केलंत,” तो अगदी हळू म्हणाला. “मी नसतानाच बघायला हवं होतं. कारण... मी नसणारच आहे. माझं शेवटचं वर्ष संपलं. निकालही लागला. लांबच्या शहरात नोकरी लागलीय. हे लेथ चालू झालं की जायचं.”

ती बघतच राहिली. “छत सांगितलंत. पंखे सांगितलेत. लायब्ररी कधी बंद होते ते सांगितलंत. आणि हे...”

“पहिल्यांदा वाटलं, यांना काय करायचंय? आणि फाटकापाशी आलो तेव्हा वाटलं, सांगायलाच हवं. पण मग सांगवेना.” त्याने तिच्याकडे बघितलं. “तेव्हापासून लेथचं काम हळू करतोय मी. दोन दिवसांत झालं असतं. तेच तेच बोल्ट काढतोय, तेच तेच लावतोय.”

तिला राग आला होता. हसूही आलं होतं. दोन्ही एकदम आले की चेहऱ्याचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“मग आता तुम्ही इथे येणार नाही?” त्याने विचारलं.

“येणार. नोकरी सोडतेय. त्या कॅनव्हासच्या बुटांच्या बाईंसाठी येणार. तुमच्यासाठी नाही.”

“बाई उत्तमच आहेत,” तो कसाबसा म्हणाला. “मग... माझं काय?”

“तुमचं मला काही कळत नाहीये.” ती उठली. छत्री उघडली. दोन पावलं गेली आणि वळली. पाऊस छत्रीवर टपटपत होता आणि तो तसाच उभा होता, बिनछत्रीचा, उत्तराची वाट बघत. “कॉलेज तुमच्याशिवाय बघून झालं,” ती म्हणाली. “आता तुम्हाला कॉलेजशिवाय बघायचंय.”

“म्हणजे... कुठे?”

“मला काय माहीत! जिथे लेथ नसेल तिथे.”

“लेथ नसेल तिथे मी कसा असतो, ते मलाही माहीत नाही.”

“मग दोघं मिळून बघू. या छत्रीत. आणि ती पिशवी वॉचमनकडे ठेवा, कॉलेजचीच आहे ती.”

बस आली. तो हॉस्टेलवर राहणारा, बसमध्ये त्याचं काही काम नव्हतं. तरी चढला, तिच्या शेजारी अंग चोरून बसला. कंडक्टरने विचारलं, “कुठे?”

“शेवटचा स्टॉप,” तो म्हणाला. “दोन.”

“शेवटचा स्टॉप कुठला?” तिने कुजबुजत विचारलं.

“कुणास ठाऊक. या बाजूला मी कधी आलोच नाही.” तो थांबला. मग खिडकीच्या ओल्या काचेकडे बघत म्हणाला, “तुला... उशीर तर नाही ना होणार?”

तुला. तिने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

तिचा स्टॉप मध्येच होता. स्टॉप आला, दार उघडलं, दोन माणसं उतरली. आत्याच्या खिडकीतली शिलाई मशीन रस्त्यावरून दिसत होती. दार बंद झालं, बस निघाली. ती उतरली नाही.