न मोजलेली मुलं

कोपनहेगनच्या जागतिक बालमेद निरीक्षण केंद्रात एक आख्खी भिंत नकाशाची होती. एक्केचाळीस देशांतल्या शाळकरी मुलांची वजनं त्या भिंतीवर रोज उमटत. जिथली मुलं सरासरीनं लठ्ठ तो भाग तांबडा, जिथली रोडावलेली तो निळा, आणि यथास्थित असेल तो हिरवा. वजन घ्यायला कुणी माणूस लागत नसे. शाळेच्या दारात जमिनीवर दोन हात रुंद तोलपट्टी बसवलेली असायची. मूल तिच्यावर पाय देऊन आत गेलं की झालं काम.

डॉ. अन्विता हर्डीकर मूळची सांगलीची. भारताचा विभाग तिच्याकडे नुकताच, जानेवारीत, आला होता. भिंतीवर विदर्भातला एक तालुका तांबडा पाहून तिला घरचंच कुणी नापास झाल्यासारखं वाटलं.

“कोसमघाट तालुक्यात शंभरातली सत्तर मुलं लठ्ठ?” ती म्हणाली. “काहीतरीच काय! अगं, अर्धा तालुका जंगल आहे.”

डॉ. आइनो लेहतोला केंद्राची संख्याशास्त्रज्ञ होती. फिनलंडची, मितभाषी, आणि स्वतःच्या सूत्रांवर आईसारखी माया करणारी. दोघींच्या कानांत भाषांतरक असे, त्यामुळे जिला जी भाषा सुचेल त्या भाषेत ती बोलत असे.

“पट्ट्या ठीक आहेत, मी तपासल्या,” आइनो म्हणाली. “ऑक्टोबरपासून तांबडाच आहे. समतोलनं नोव्हेंबरात शाळेतला शिधा निम्म्यावर आणला.”

समतोल ही केंद्राची निर्णयप्रणाली. सरासरी वजन पाहून कुठल्या भागातल्या मुलांना किती जेवण द्यायचं ते ती ठरवी. पूर्वी यात पुढाऱ्यांचे आणि ठेकेदारांचे हात बरबटलेले असत, म्हणून एक्केचाळीस देशांनी करारच केला होता की या आकड्यांना माणसाचा हात लागता कामा नये.

“पटावरच्या किती मुलांची वजनं येतात?” अन्विताने विचारलं.

“पाचांत एकाचं.”

“आणि उरलेल्या चौघांचं?”

“अनुमानभरण. काही मुलं सगळ्याच देशांत पट्टी चुकवतात. कुणी धावत येतं, कुणी कडेकडेनं. चुकलेली मुलं मोजलेल्या मुलांसारखीच असणार, असं समतोल धरून चालतो. मी हे पडताळून पाहिलं आहे.”

“शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आम्ही. पण शितं हाताला येतील तशी उचलायला हवीत ना? करपलेलीच तेवढी हाती लागत असतील, तर सगळा भात करपला असंच वाटेल!”

आइनोला हे पटलं नाही. लठ्ठ मुलंच तेवढी पट्टीवर पाय देतात असं कशावरून, असा तिचा सवाल होता, आणि सवाल रास्त होता. मग दोघींनी कोसमघाटच्या पट्ट्यांचे भारालेख, म्हणजे क्षणाक्षणाला पडलेल्या वजनाचे आलेख, पडद्यावर काढले. त्यात एक गंमत होती. प्रत्येक मुलाच्या वजनाआधी एक बारीकसा उंचवटा दिसत होता. आधी दोन-तीनशे ग्रॅम, मग क्षणभर काही नाही, आणि मग एकदम चाळीस किलो.

“पट्टी थरथरत असेल,” आइनो म्हणाली.

हे उंचवटे कधीपासून दिसू लागले ते अन्विताने पाहिलं आणि मागचं पंचांग काढलं. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवसापासून. तिला आधी हसू फुटलं आणि मग ते हसू तिच्या तोंडावरच विरलं.

“आइनो, ती मुलं पट्टीच्या पाया पडतायत. पुस्तकाला पाय लागला की मीही हात लावून कपाळाला लावते, पाहिलंयस ना तू? दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हत्यारं, यंत्रं, सगळं पुजतो. यांनी पट्टी पुजली असणार.”

तिनं लगोलग कोसमघाटच्या शिक्षण विस्तार अधिकारी शकुंतलाबाई मडावी यांना फोन लावला.

“कोपनहेगनहून? अरे देवा!” पलीकडून आवाज आला. “आमचं काय चुकलं, मॅडम?”

“काही नाही, बाई. खंडेनवमीला तोलपट्टीची पूजा केली होती का?”

“केली नं! नवीन यंत्र म्हटल्यावर पूजा नको का? मीच सगळ्या शाळांना सांगितलं होतं. हळदीकुंकू, झेंडूचे हार, नारळ, सगळं साग्रसंगीत.”

“आणि त्यानंतर मुलं आत कशी जातात?”

“उडी मारून. पुजलेल्या वस्तूवर पाय कोण देईल, मॅडम? पोट्टे टुणकन पलीकडे जातात. ज्यांचं अंग जड त्यांना नाही जमत. ते बिचारे हात लावून माफी मागतात अन् पाय देतात.” बाईंचा आवाज बदलला. “आता मी एक विचारू? पोरांचं जेवण काहून तोडलं? डाळ निम्मी, तेल निम्मं, अंडं बंद. बाजारपेठेतला गोलमटोल गडी घरी जाऊन दाबून जेवतो. जंगलाकडच्या पोरांना दोन्ही वेळचं शाळेतच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही!”

“फोन ठेवू नका,” अन्विता म्हणाली आणि आइनोकडे वळली. “ही कपात आजच्या आज थांबव.”

“ते माझ्या हातात नाही, तुला माहीत आहे. पण तुझी काळजी तशीही मिटली आहे. हे बघ. तांबडा उतरतोय. पाचांतली चार मुलं आता पट्टीवर पाय देतायत. सरासरी खाली येतेय, उद्यापर्यंत कोसमघाट हिरवा.”

अन्विताचा जीव भांड्यात पडला. चला, मुलांनी सोवळं सोडलं म्हणायचं! “बाई, पट्टीवरचं हळदीकुंकू पुसलंत वाटतं?”

“छे! दर शुक्रवारी नवं लावतो.”

“मग मुलं पाय कशी देऊ लागली?”

“उडी कुठं जमते आता, मॅडम?” शकुंतलाबाई म्हणाल्या. “पोट्टे दाराच्या चौकटीला धरून उभे राहतात. दम खातात. मग हात लावतात अन् पाय देतात.”

पडद्यावरचे नवे आकडे दोघींनी पाहिले. प्रत्येक वजनाआधी तो बारीक उंचवटा होताच. पुढचं वजन मात्र पंधरा किलो, चौदा किलो. बाजारपेठेतली चाळीस किलोची आणि जंगलाकडची चौदा किलोची मुलं मिळून सरासरी अगदी आदर्श येत होती. समतोलनं खाली शेराही मारून ठेवला होता. शिधाकपात यशस्वी. भाग हिरवा होताच हाच शिधा वर्षभर कायम. शेजारच्या तालुक्यांसाठी शिफारस.

“पोरं उपाशी मरतायत आणि तुमची भिंत हिरवी होतेय!” अन्विता ओरडली. “आग लागो तुमच्या सरासरीला!”

आइनोचा चेहरा पांढराफटक पडला होता. अनुमानभरणाचं सूत्र तिचंच होतं. “एक्केचाळीस देशांच्या समितीची बैठक जूनमध्ये आहे,” ती कशीबशी म्हणाली. “तोवर आकडे बदलता येत नाहीत. कुणालाच.”

जूनपर्यंत त्या चौदा किलोंचं काय होणार, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नव्हता. अन्विता येरझारा घालू लागली आणि मध्येच थबकली.

“जी मोजली जात नाहीत ती मोजलेल्यांसारखीच, असं समतोल धरतो. बरोबर?”

“बरोबर.”

“कुठलीही मुलं चुकली तरी?”

“कुठलीही.”

अन्विताने फोन तोंडाशी धरला. “बाई, पूजा चालू ठेवा. फक्त उद्यापासून जाड पोरांना पट्टीवर पाय देऊ देऊ नका. त्यांना उचलून आत घ्या.”

“उचलून?”

“सगळ्या शाळांत. रोडकी पोरं तेवढी पट्टीवरून येऊ देत.”

विस्तार अधिकारी झाल्या तरी बाई मुळात गणिताच्या शिक्षिका होत्या. “समजलं,” त्या म्हणाल्या. “पण मॅडम, हे खोटं नाही का?”

“आहे. तीन महिने तुमच्या तालुक्याबद्दल इथं खोटंच दिसतंय, बाई. आता थोडं पोरांच्या बाजूनं दिसू दे. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

आइनोने कानातला भाषांतरक काढून टेबलावर ठेवला होता. तो कधी काढला ते अन्विताला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

आठवडाभरात कोसमघाट गडद निळा झाला. इतका गडद निळा भिंतीवर दुसरीकडे कुठंच नव्हता. समतोलनं तातडीनं पूर्ण शिधा सुरू केला, वर दूध दिलं, रोज एक अंडं दिलं, आणि कपातीची शिफारस मागे घेतली. शकुंतलाबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना धाप लागली होती. “एकेक पोट्टा पन्नास किलोचा आहे हो! दोन मास्तरांच्या कमरा धरल्या,” असं म्हणून त्या पोटभर हसल्या.

अन्विता मात्र रोज सकाळी भीत भीत भिंतीसमोर येई. निळा रंग फिका पडत चालला होता. हिरवा झाला आणि तातडीचा म्हणून सुरू केलेल्या या शिध्याला पुन्हा कात्री लागली तर? शिवाय कोसमघाटहून येणारी वजनं दिवसेंदिवस कमी होत होती. पाचांत चाराची तीन झाली, मग दोन. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तालुक्यावर रंगच नव्हता. तो भाग कोरा होता.

“एकही वजन नाही,” आइनो म्हणाली. “असं कधीच झालं नव्हतं. वजन नसेल तर समतोल शेवटचा शिधा तसाच चालू ठेवतो, तेव्हा जेवणाला धोका नाही. पण पट्ट्या बंद पडल्या असणार. माणूस पाठवू का?”

अन्विता त्या कोऱ्या तुकड्याकडे बघत राहिली. जाड मुलांना तर मास्तर उचलून नेत होते. मग बाकीची? तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ती हसतही होती.

“नको,” ती म्हणाली. “पट्ट्या चालू आहेत. पोरं उड्या मारतायत.”