चौथ्यांदा विचारलेला पत्ता

सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातल्या मनगटांवरच्या सगळ्या खूणपट्ट्या एकदम गप्प झाल्या. चाळीस सेकंद त्या गप्प होत्या. फोन, पडदे, दिवे सगळं सुरू होतं. मात्र कक्षातल्या अकरा जणींपैकी दहा जणी ज्या कामात होत्या, त्याच कामात अडकून राहिल्या.

हेमलता खैरनार त्या वेळी पत्ता घेत होती. करंजवाडीच्या बाजीराव गांगुर्डे यांची बायको शेवंता अंगणात कोसळली होती, श्वास थांबला होता. पत्ता पडद्यावर उमटला, तरी हेमलताने तो पुन्हा विचारला. मग पुन्हा. चौथ्यांदा विचारला तेव्हा गांगुर्डे म्हणाले, "ताई, पत्ता तीनदा सांगितला. आता मी करू काय, ते सांगा."

तिला ते ऐकू आलं, कळलंही. छाती कशी दाबायची हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या कामाकडे वळायचं कसं, तेच सापडेना. मग पट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. मनगटावर दोन ठोके पडले, तिने गाडी रवाना केली. तीन पडले, आणि ती घडाघडा सूचना देऊ लागली.

खूणपट्टी कक्षात येऊन चौदा महिने झाले होते. एका कामातून दुसऱ्यात जाताना मेंदूला जो वेळ खर्चावा लागतो, त्या 'पालटखर्चा'ची ओळख पर्यवेक्षक आहेर सरांनी शर्टाच्या गुंड्यांवर करून दिली होती. गुंड्या रंगाने वेगळ्या करायच्या, मध्येच भोकांच्या संख्येने. पालटताना प्रत्येकीचा हात अडखळे. 'आता भोकं' असं आधी सांगितलं, की कमी अडखळे. पट्टी हेच करायची. संभाषण ऐकून पुढचं काम ओळखायची आणि अर्धा सेकंद आधी ठोके द्यायची: एक म्हणजे पत्ता, दोन म्हणजे गाडी, तीन म्हणजे सूचना. गाडी सुटायला लागणारा वेळ नऊ सेकंदांनी घटला होता. त्या नऊ सेकंदांमुळे वाचलेली माणसं खरी आहेत, असं आहेर सरांनी त्या चाळीस सेकंदांच्या चौकशीतही सांगितलं. ते खोटं नव्हतं.

अकरावी होती इंदुमती सोनवणे. पट्टीने मनगटावर पुरळ उठायचं, म्हणून तिला सूट होती. तिच्या टेबलावर तीन चिंचोके असत. काम बदललं की एक पुढे सरकवायचा. "मावशी, सारीपाट मांडलाय का?" पोरी विचारायच्या. "माझ्या हातात खेळ, तुमच्या हातात बेडी," ती म्हणायची. चौदा महिने ती कक्षात सगळ्यांत संथ होती. ११:४२ ला तिचा फोन तेवढा न अडखळता पुढे गेला.

चौकशीत हेमलताला विचारलं, घरीही असं होतं का? ती नाही म्हणाली. मग थांबून तिने उत्तर दुरुस्त केलं. मागच्या रविवारी ती गवार मोडत होती. बेल वाजली. सातदा वाजली. शेवटची शेंग मोडून झाल्यावरच ती उठली. दारात नवरा पिशव्या घेऊन उभा होता. ऐकू आलं नाही, असं तिने त्याला सांगितलं. आलं होतं.

चौकशीच्या दिवशी दुपारी ती इंदुमतीच्या टेबलापाशी गेली.

"मावशी, चिंचोका सरकवला की डोक्यात काय होतं?"

"काही नाही. आधी मी ठरवते, मग तो सरकतो."

"आणि मला ठरवताच आलं नाही तर?"

इंदुमतीने तीन चिंचोके तिच्या हातावर ठेवले.

शेवंता गांगुर्डेंचं हृदय गाडीत पुन्हा सुरू झालं होतं. नवव्या दिवशीही त्या शुद्धीवर नव्हत्या. त्या चाळीस सेकंदांनी किती फरक पडला, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. कक्षात पट्टी ऐच्छिक झाली. नऊ जणींनी ती ठेवली.

सोमवारी हेमलताचं मनगट मोकळं होतं. आहेर सर बाजूला दुसरा हेडफोन लावून बसले होते. ती पाच सेकंदांच्या वर अडकली, की फोन ते घेणार होते. पहिला कॉल ९ वाजून ७ मिनिटांनी आला. एका बाईने पत्ता सांगितला, स्पष्ट, एकदाच, आणि ती थांबली.

हेमलताचं बोट चिंचोक्यावर होतं. दोन सेकंद झाले होते. चिंचोका अजून जागेवरच होता.