हलकं होत गेलेलं विमान

उड्डाणाची उंची सुचवणाऱ्या उंचीवेधकाने मॉरिशसच्या वाटेवरच्या विमानाला अडतीस हजार फुटांवर चढायला सांगितलं, तेव्हा डॉ. शर्मिष्ठा हर्डीकरांना आपणच बनवलेल्या या यंत्राची लाज वाटली. आराखड्यात छत्तीस हजार होते. चाचणीचा शेवटचा आठवडा होता आणि मुख्य उड्डाण-नियोजक फिलिप डिमेलो जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात त्यांच्या शेजारीच बसले होते.

"इतक्या लवकर वर?" त्यांनी विचारलं.

"वजनावर असतं ते. जड विमानाला पेलायला दाट हवा लागते, ती खाली. इंधन जळून ते हलकं झालं, की वरच्या विरळ हवेत कमी इंधनात जातं. पंख हवेला किती तिरके धरलेत, त्यावरून उंचीवेधक वजन ओळखतो. आज आराखड्यापेक्षा पाच टन कमी ओळखतोय."

"म्हणजे चुकतोय."

"पंखांचा कोनमापक बिघडला असणार." शर्मिष्ठाबाईंनी विमानातल्या कॅप्टन इनामदारांना सूचना दुर्लक्षित करायला कळवलं आणि यंत्रात पाच टनांची दुरुस्ती घातली. पडद्यावर निमूटपणे छत्तीस उमटलं.

अर्ध्या तासाने पुन्हा अडतीस.

शर्मिष्ठाबाई आकड्यांकडे बघत राहिल्या. दुरुस्तीनंतरही आता आणखी तीन टन कमी दिसत होते. बिघडलेला कोनमापक एकाच आकड्याने चुकत राहिला असता. ही चूक वाढत होती.

"डिमेलो, विमानातून काय कमी होऊ शकतं? माणसं नाही, सामान नाही."

"इंधन. पण काट्यावर तेरा टन शिल्लक दिसतंय."

"तो काटा टाकी मोजतो?"

"आज नाही. टाकीतले मापक निघतानाच बंद होते. भरलेल्या इंधनातून इंजिनांनी जाळलेलं वजा करून तो आकडा येतो."

"मग गळून गेलेलं त्याला कळणारच नाही." त्यांनी पाच आणि तीन मिळवून तेरातून वजा केले. "तेरा नाहीत. पाच आहेत."

डिमेलोंनी रेडिओ ओढून घेतला. सर्वांत जवळची धावपट्टी अर्ध्या तासावर, एका बेटावर होती. इनामदारांनी एकच प्रश्न विचारला, "खात्री आहे?" आणि उत्तर संपायच्या आत विमान वळवलं.

तीस मिनिटांनी चाकं टेकली, धावपट्टीवरच उजवं इंजिन थांबलं. आत एकशे एकतीस माणसं होती.

तासाभराने इनामदारांचा फोन आला. "बाई, तुमच्या यंत्राने वाचवलं. त्याला कधी कळलं?"

त्या खुर्चीत ताठ बसल्या. डिमेलो त्यांच्याकडे बघत होते.

"तुम्ही वळण्याच्या पस्तीस मिनिटं आधी," त्या म्हणाल्या. "तेव्हा टाकीत तुम्हाला परत फिरण्याइतकं इंधन होतं. मीच त्याची सूचना चूक समजून पुसून टाकली."